एक खाच पुसायची राहिली

माझ्या नातीनं, मित्रानं, गाडीच्या सीटखालचा खटका वर ओढला, पायानं रेटा दिला, पुन्हा ओढला, आणि मग कंटाळून म्हणाली, "आबा, ये सीट तो सरकती ही नहीं." मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो. पेपर हातातच राहिला, पण पुढची ओळ काही वाचता येईना. नात आपली साधं बोलून गेली होती. तिला दोन महिन्यांपूर्वी लायसन्स मिळालं, उद्या अशोक विजयादशमी, आणि उद्या आजीला नि मला आपण स्वतः कांचघरच्या बुद्धविहारात गाडीनं नेणार, हे तिनं आठवडाभर आधी जाहीर करून टाकलं होतं. अंगानं ती आजीवर गेली आहे. पाच फुटांच्या आतबाहेर. सीट पुढे घेतल्याशिवाय तिचे पाय पोचणार नाहीत, हे मला आठवडाभर ठाऊक होतं आणि आठवडाभर मी त्या गोष्टीकडे पाठ करून बसलो होतो. आता ती म्हणत होती की मी उशी घेते पाठीमागे, चलेगा. तेवढ्यात आतून नर्मदा, म्हणजे माझी बायको, हसत म्हणाली, "उशी काहून घेते? सीट पुढं करून घे. नाही तं माझ्यासारखा पाय चुकीन तुझा." आणि दोघी हसल्या. मी मात्र हसलो नाही. गेली तीस वर्षं त्या विनोदाला मी हसलेलो नाही, आणि ही गोष्ट घरात कोणाच्या लक्षात आलेली नाही, कारण मी एकूणच फार हसत नाही असा माझा लौकिक आहे.

मित्रा क्लासला गेली. जाताना म्हणाली, मेकॅनिकला बोलावू का? नको म्हणालो, मी करतो. या गाडीच्या सीटला मी तीस वर्षं कुठल्याही मेकॅनिकला हात लावू दिलेला नाही. इंजिन उघडलं, गिअर उघडले, एकदा पूर्ण गाडी रंगवली, पण सीट खोलायची म्हटलं की मी मध्ये पडायचो. ती राहू द्या, तिचं काही दुखत नाही. अधारतालचा आमचा गॅरेजवाला एकदा म्हणालाही, भैया, सीट के नीचे सोना गाड़ रखा है क्या?  गाडी आहे बासष्ट सालची, बदामी रंगाची, एका मिलिटरी डॉक्टरकडून घेतलेली, त्यामुळे मोहल्ल्यात अजूनही तिला डॉक्टरसाहेबाची गाडी म्हणतात. चाळीस वर्षं फॅक्टरीत फिटरचं काम केलं, पहिल्या दर्जाचा फिटर म्हणून सुटलो. घरातल्या पंख्याला, शिवणयंत्राला, दाराच्या बिजागऱ्यांना, शेजाऱ्यांच्या सायकलींनाही माझ्या हातचं तेल आहे. फक्त या सीटखालच्या दोन रुळांना नाही. सीट पार मागे ठेवून ते मी गंजू दिले. मुद्दाम गंजू दिले, असं म्हटलं तरी चालेल.

दुपारचे दोन वाजले होते. मी पाने काढले, रॉकेलचा डबा, तारेचा ब्रश, जुने दात घासायचे ब्रश, चिंध्या असं सगळं पोर्चमध्ये मांडलं. उद्याच्यासाठी नर्मदा आत पांढऱ्या साड्यांना इस्त्री करत होती. खोलीची खिडकी पोर्चकडेच उघडते. इस्त्री टेबलावर ठेवल्याचा ठक् आवाज मधून मधून येत होता, आणि प्रत्येक आवाजाला माझा हात थांबत होता. हे माझं मलाच चमत्कारिक वाटत होतं. सहासष्ट वर्षांचा माणूस, आपल्याच पोर्चमध्ये, आपल्याच गाडीपुढे गुडघे टेकून बसलेला, आणि चोरासारखा खिडकीकडे पाहणारा. सीटला चार बोल्ट असतात. तीन निघाले. मागचा डावा निघेना. त्यावर रॉकेल सोडलं आणि वाट पाहत बसलो. गंजलेल्या बोल्टाशी भांडून उपयोग नसतो, त्याला भिजू द्यावं लागतं, हे मला वडिलांनी शिकवलं.

आमच्या वडिलांचं नाव बाबाराव. भंडाऱ्याकडून पोट भरायला इथं आले, रेल्वेच्या शेडमध्ये लोहारकाम करायचे. त्यांची एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात हातोड्या, छिन्न्या, कानशी, सांडशी. मी लहान असताना दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती सगळी हत्यारं पाटावर मांडून हळदकुंकू व्हायचं, झेंडूची फुलं वाहिली जायची. छप्पन साली बाबा मला घेऊन नागपूरला गेले, आम्ही दीक्षा घेतली, आणि परत आल्यावर आईनं, भीमाबाईनं, हळदीची वाटी कायमची उचलून ठेवली. पुढच्याच महिन्यात आपलं राज्यही बदललं. जबलपूर आता नव्या मध्य प्रदेशात, आणि नागपूरकडचे आमचे सगळे पाव्हणे दुसऱ्या राज्यात गेले. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबा पेटीपुढे नुसते बसून राहिले. हाताला सवय होती, आणि आता हातांना काम नव्हतं. मग त्यांनी पेटी उपडी केली आणि एकेक हत्यार रॉकेलनं धुऊन, पुसून, ग्रीस लावून परत ठेवलं. म्हणाले, "लोखंडाले हळद नाही पाहिजे न जी. तेल पाहिजे." तेव्हापासून आमच्या घरात विजयादशमीचा आदला दिवस हा ग्रीसचा दिवस झाला. पूजा नाही, नमस्कार नाही, फूल नाही. घरातली चालणारी प्रत्येक वस्तू खोलायची, पुसायची, तिला ग्रीस भरायचं. शेजारचे लोक हसायचे. बाबांना त्याचा केवढा अभिमान होता! देवाला नाही, पण कामाला मान देतो आम्ही, असं ते सांगायचे, आणि मीही मान ताठ करून ऐकायचो.

बोल्ट अजून भिजत होता. ते ग्रीस कसं भरायचं, हे मात्र मी फॅक्टरीत शिकलो होतो. आमच्या वर्कशॉपमध्ये यंत्राचे भाग पुढेमागे सरकवणाऱ्या जड लोखंडी घसरपट्ट्या असायच्या, त्यांत ग्रीस हातानं दाबून दाबून भरायचं, इतकं की बाजूनं बाहेर आलं पाहिजे. सरकताना आवाज आला तर काम परत. गुपचूप सरकली तर फिटर चांगला. सोळा वर्षं मी हेच केलं होतं, आणि आवाज नसणं म्हणजे उत्तम काम हे माझ्या हाडांत भिनलं होतं. चौऱ्याहत्तर साली, ग्रीसच्या दिवशी, मी याच गाडीची ही सीट खोलली. तिला काही झालेलं नव्हतं. चांगली सरकत होती. पण नर्मदा तेव्हा नुकतीच गाडी शिकली होती, दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा ती बाबांना घेऊन विहारात जाणार होती, मी पहाटेपासून मंडप घालायला पुढे जाणार होतो. म्हटलं, बायकोला सीट पुढेमागे करायला त्रास नको. प्रेमानं केलं, असं म्हणायचा मोह होतो. खरं म्हणजे हातांनी केलं. हात शिकलेले होते. दोन्ही रुळांत मी ते जाड, चिकट, पिवळं ग्रीस बोटानं दाबून भरलं. आणि सीट बसवल्यावर तिला हाक मारली, बस म्हटलं, आणि सीट पुढे ढकलली. सीट लोण्यासारखी गेली. काही आवाज झाला नाही.

आवाज व्हायला हवा होता. या रुळाला ओळीनं खाचा आहेत, आणि खटक्याच्या टोकाला एक खिळी आहे. खटका सोडला की स्प्रिंगच्या जोरानं खिळी खाचेत पडते, खट् असा आवाज येतो, आणि सीट जागच्या जागी पक्की होते. ती गाडी घडवणाऱ्यानं तो आवाज ठेवलेला होता, बसणाऱ्याला कळावं म्हणून. मी सगळ्या खाचा ग्रीसनं बुजवून टाकल्या होत्या. खिळी खाचेत पडलीच नव्हती, वरच्यावर ग्रीसवर टेकून राहिली होती. आणि मी, पहिल्या दर्जाचा फिटर, आवाज आला नाही म्हणून खूश झालो. नर्मदेला म्हणालो, पाहा, काय मखमल झाली आहे. ती म्हणाली, वा. आम्ही दोघंही त्या दिवशी फार आनंदात होतो, कारण इथल्या शाळेत चौथीला शिकवणाऱ्या तिला बढतीचा, मझौली गावचा हुकूम आला होता. कन्या शाळेची हेडमास्तरीण. आमच्या सगळ्या नात्यात त्या वेळी कुठली बाई हेडमास्तरीण झालेली नव्हती. सोमवारी गाडीनं जायचं, शनिवारी यायचं, त्यासाठीच तर ती गाडी शिकली होती. स्टिअरिंग धरताना जीभ दातात धरायची, अजून आठवतं.

साडेतीनच्या सुमाराला चौथा बोल्ट निघाला. सीट उचलून पोर्चमध्ये वर्तमानपत्रावर उलटी ठेवली आणि रूळ सुटे केले. सीटखालच्या जागेत तीस वर्षांचा कचरा होता. शेंगदाण्याची फोलपटं, मित्राच्या बापाचं लहानपणीचं एक बटण, आणि कोपऱ्यात खडूचा बोटभर तुकडा. तेव्हा तिच्या पर्समध्ये नेहमी खडू असायचे. मी तो तुकडा उचलून पायरीवर ठेवला. मग तेलकट बोटांचा त्याला लागलेला डाग दिसला आणि उगीच उचलला असं वाटलं. रूळ हातात घेऊन उजेडात धरला. वरून तांबूस गंज, आणि त्याच्याखाली, खाचांमध्ये, काळं पडलेलं, कडक झालेलं ग्रीस. माझं ग्रीस. एक खाच सोडून सगळ्या खाचा भरलेल्या. ती एक रिकामी का आहे हे मला सांगायला कोणी नको होतं. ती मीच पुसली होती.

चौऱ्याहत्तरच्या त्या विजयादशमीला मंडपात कोणीतरी धावत येऊन सांगितलं, दयारामभैया, कांचघरच्या चढावर तुमची गाडी मागे गेली. मी पोचलो तेव्हा बाबांना रिक्षात घातलं होतं. चढ चढताना सीट एकदम मागे सरकली होती. नर्मदेचे पाय सुटले, हात स्टिअरिंगवर ताणले गेले, गाडी बंद पडून मागे मागे जाऊ लागली, आणि बाबांनी घाबरून दार उघडून एक पाय बाहेर टाकला. गाडी विजेच्या खांबाला टेकली. बाबांचा पाय दारात आणि खांबात सापडला. हे सगळं मला तिथंच कळलं असं नाही. तिथं मला एवढंच कळलं की नर्मदा पांढऱ्या साडीत रस्त्याच्या कडेला उभी आहे, आणि लोक तिच्याभोवती उभे राहून बोलत आहेत. काय बोलत होते? पाय चुकला. ब्रेक सोडून दुसरंच दाबलं. औरत की जात, घबरा गई. मी गाडीशी गेलो. सीट पार मागे होती. मी आत बसून ती पुढे घेतली, खटका सोडला, आणि हातानं जरासं ढकललं. सीट मागे आली. आवाज नाही. तेवढ्या एका क्षणात मला सगळं समजलं. मग मी काय केलं? खाली वाकलो, खिशातला रुमाल काढला, आणि खिळी जिथं पडायला हवी होती तिथली एक खाच त्याच्या टोकानं कोरून पुसून काढली. खटका सोडला. खट्. नंतर कोणी येऊन सीट हलवून पाहिली असती तरी ती पक्की होती. रुमाल मी येताना नाल्यात टाकला. बाप रिक्षात कण्हत होता आणि मी खाच पुसत होतो.

तरीही ते सगळं एक वेळ माफ करता आलं असतं. माणूस घाबरतो. हात चोरी करतात. पण त्यानंतर संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात नर्मदा माझ्याजवळ आली. दिवसभर ती कोणाशी बोलली नव्हती. हळूच म्हणाली, "सीट मागं गेली होती जी. मी खोटं नाही बोलून राहिली. सीट गेली मागं." आजूबाजूला माझी आई होती, काका होते, मोहल्ल्यातले दोघे होते. सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण यंत्रातलं कळणारा मीच होतो. मी म्हणालो, "मी पाहून आलो सीट. पक्की आहे. घाबरल्यावर असं वाटते कधी कधी." किती समजूतदारपणे म्हणालो! तिच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या पाठीला सीट सरकल्याचं कळलं होतं, पण ती पाठ खोटी आणि मी खरा, असं तिनं त्या व्हरांड्यात ठरवलं.

ब्रश घेऊन मी खाचा घासू लागलो. घासता घासता डाव्या रुळाची पहिली खाच साफ झाली, दुसरी झाली. रॉकेलमध्ये ते ग्रीस विरघळून काळं पाणी होत होतं आणि वर्तमानपत्रावर पसरत होतं. मनात हिशेब चालू होता की आणखी अर्धा तास. अर्ध्या तासात सगळं धुऊन निघेल. मग पातळ तेलाचे दोन थेंब, जास्त नाही, सीट बसवायची, आणि मित्रा आली की म्हणायचं, झालं बघ. पुन्हा जगात याचा पुरावा राहणार नाही. मी मेल्यावर कोणी गाडी भंगारात घातली तरी काही सापडणार नाही. आत इस्त्री ठक् झाली. बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले, कुबडीवर. पाय शेवटपर्यंत सुजायचा. नर्मदा रोज शाळेतून आली की आधी कोमट पाणी करून त्यांचा पाय धुवायची, तेल लावायची. बाबा म्हणायचे, पोरी, राहू दे, झालं ते झालं. सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची. म्हणे, "मामाजी, माझ्याच पायानं झालं हे, मले करू द्या." मी शेजारच्या खोलीत रेडिओ मोठा करायचो. मझौलीच्या हुकमाला तिनं नकार लिहिला. कारण लिहिलं, घरगुती अडचण. ते पाकीट टपालात मी टाकलं. टपालपेटीच्या तोंडाशी जरा थांबलो होतो, हे स्वतःच्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे. ती त्याच शाळेत, त्याच चौथीच्या वर्गावर, रिटायर झाली. पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. आणि घरात कोणाच्या हातून काही सांडलं, कोणी अडखळलं, की म्हणायचे, नर्मदेचा पाय. आधी माझी आई म्हणायची, मग माझ्या बहिणी, मग पोरं. शेवटी ती स्वतःच म्हणू लागली, आणि ते मला सगळ्यांत कठीण गेलं.

बाबा गेल्यावर सांगीन असं ठरवलं होतं. बाबा जिवंत असेपर्यंत सांगणं शक्य नव्हतं, असं मी स्वतःला समजावत असे. ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आमच्या दयारामच्या हातची वस्तू अडत नाही. त्यांच्या ग्रीसच्या दिवसानंच त्यांचा पाय गेला, हे त्यांना कसं सांगणार? बाबा गेले. मग वाटलं, आता कशाला. मग मुलाचं लग्न, मग नात. दर ग्रीसच्या दिवशी मी घरभर तेल घेऊन फिरायचो आणि गाडीपाशी आलो की बोनेट उघडायचो, दारं पुसायचो, आणि सीट तेवढी सोडायचो. याला पश्चात्ताप म्हणत नाहीत. हा नुसता डरपोकपणा, आणि तोही फार टापटिपीचा.

उजव्या रुळाच्या शेवटच्या खाचेपाशी आलो तेव्हा चार वाजले होते. बाकी सगळं लोखंड स्वच्छ झालं होतं. नव्यासारखं म्हणत नाही, पण हाताला गुळगुळीत लागत होतं. त्या एका खाचेत मात्र अजून काळं ग्रीस होतं. मी ब्रश बुडवला. हात वर आणला. आणि हात तिथंच राहिला.  मला एकदम स्पष्ट दिसलं की ही खाच पुसली की मी दुसऱ्यांदा तेच करणार. तेव्हा रुमालानं केलं होतं, आता ब्रशनं. आणि उद्या ही पोरगी त्या सीटवर बसून, त्याच चढावरून, आजीला घेऊन जाईल, आणि चढ आला की नर्मदा हसून म्हणेल, इथंच माझा पाय चुकला होता.  ब्रश डब्यात टाकला.  मी हाक मारली, "नर्मदा." आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा मारावी लागली.

ती इस्त्रीचा प्लग काढून आली. पदरानं कपाळ पुसत म्हणाली, चहा ठेवू का? मी म्हणालो, आधी इथं ये. ती पायरीवर बसली. शेजारचा खडूचा तुकडा तिला दिसला, तिनं तो उचलला, ओळखला, आणि जरा हसली. मी रूळ तिच्यापुढे धरला. काही तयारी केलेली नव्हती. मी तिला खिळी दाखवली, खाच दाखवली, खिळी खाचेत कशी पडते ते दाखवलं. ती चौथीच्या वर्गात एखादा पोरगा उत्तर सांगत असावा तशी ऐकत होती. मग ती भरलेली खाच दाखवली आणि म्हणालो, ग्रीस भरलं असलं तर खिळी पडत नाही. सीट सुटी राहते.  बोट पुढे करून तिनं ती खाच चाचपली. बोटाला काळं लागलं. मी म्हणालो, "हे माझं ग्रीस आहे. चौऱ्याहत्तरचं. सगळ्या खाचा भरल्या होत्या मी. तुझा पाय नव्हता चुकला. सीटच सरकली होती."

समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. ती बोटाकडे पाहत होती. तिनं विचारलं, "तुम्हाले कधी समजलं?" हाच प्रश्न ती विचारील हे मला कळायला हवं होतं. इथं खोटं बोलता आलं असतं. आत्ता समजलं, आज सीट खोलल्यावर समजलं, असं म्हणता आलं असतं, आणि खरं सांगायचं तर ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होऊन आलंही होतं. मी म्हणालो, "त्याच दिवशी. दवाखान्यात यायच्या आधी. एक खाच मी पुसून टाकली होती. रुमालानं."

"निळ्या धाग्याचा," ती म्हणाली. मला कळेना. ती म्हणाली, निळ्या धाग्यानं माझ्या नावाचा 'द' काढलेला रुमाल. तिनं सहा शिवले होते, त्यातला एक गेला होता, आणि त्यावरून ती धोबिणीशी भांडली होती. बिचारी रडून सांगत होती की बाई, मी नाही नेला. नर्मदेनं तिला काम सोडायला लावलं होतं. हे मला आठवतही नव्हतं. तीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. ती हे सगळं सांगत होती पण तिचा आवाज चढला नाही, आणि मला वाटत होतं की तो चढावा, तिनं तो रूळ माझ्या अंगावर फेकावा. मी म्हणालो, नर्मदा, मी… ती म्हणाली, थांबा. मग खाली वाकून तिनं रॉकेलच्या डब्यातला ब्रश काढला आणि ती शेवटची खाच स्वतः घासली. घाईनं नाही. पाटी पुसतात तशी कोपऱ्याकोपऱ्यातून. चिंधीनं कोरडी केली. उजेडात धरून पाहिली. रूळ माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "लावा सीट." आत निघून गेली. इस्त्रीचा आवाज आला नाही, भांड्याचा आला नाही. मी कान देऊन होतो. काहीच आवाज आला नाही.

रुळांत पातळ तेलाचे थेंब सोडून, जास्तीचं चिंधीनं टिपून घेऊन मी सीट बसवली. चार बोल्ट आवळले. खटका ओढला, सोडला, खट्. दोन्ही हातांनी सीट मागे रेटली. हलली नाही. दुसऱ्या खाचेत, खट्. तिसऱ्या. प्रत्येक खाचेत दहादा करून पाहिलं. घाम डोळ्यांत जात होता. आज सीट चोख झाली होती आणि त्याचा मला काही आनंद नव्हता. ती आत काय करत असेल याची मला भीती वाटत होती. बॅग भरत असेल? मुलाला फोन लावत असेल? तेवढ्यात फाटक वाजलं, मित्रा आली, आणि तिनं येताच खटका ओढून सीट पुढे घेतली. "अरे वाह, आबा! आजी, बाहर आओ, सीट बन गई." नर्मदा दारात आली. तिनं तोंड धुतलं होतं, केस पुन्हा बांधले होते. चपला घातल्या होत्या. ती सरळ गाडीपाशी आली आणि मित्राला म्हणाली, "तू उतर. मी बसते." मित्रा गमतीनं म्हणाली, आजी, संभाल के, आपका पाँव. नर्मदेनं नुसतं तिच्याकडे पाहिलं. पोरगी उतरली.

तिनं सीट स्वतः आणखी एक खाच पुढे घेतली. खट्. हात स्टिअरिंगवर ठेवले. मग मला म्हणाली, या बाजूला बसा. मी वळसा घालून गेलो आणि बाबा बसले होते त्या जागेवर बसलो. दार ओढून घ्यायला हात गेला तर म्हणाली, उघडंच राहू द्या. समोर पोर्चची भिंत होती, तिच्यावर मित्राची सायकल टेकलेली. नर्मदा समोर पाहत म्हणाली, "दवाखान्यात तुम्ही काय म्हटलं होतं मले?" मी सायकलीकडे पाहिलं. "म्हणा न. मले पूर्ण पाठ आहे. तुमच्या तोंडून ऐकायचं आहे." मी म्हणालो, "घाबरल्यावर असं वाटते कधी कधी." मित्रा दाराशी वाकून आमच्याकडे पाहत होती. ती मराठी कधी बोलत नाही, पण तिला समजतं सगळं. नर्मदा म्हणाली, "आता जे खरं आहे ते म्हणा. उद्या विहारात जसं म्हणणार आहे तसं. तिथं मामाजीच्या वेळचे चारपाच जण तरी असतील अजून."  मी म्हणालो, "सीट सरकली होती. ग्रीस मी भरलं होतं. तिचा पाय बरोबर होता." ती म्हणाली, "जोरानं." मी जोरानं म्हणालो. समोरच्या घराच्या खिडकीत कोणीतरी आलं.

मग तिनं उजवा पाय चपलेतून काढला. अनवाणी पाय पुढे नेला, खाली न पाहता, आणि दाबून धरला. तिच्या पोटरीची शीर ताणलेली मला दिसत होती.

"मित्रा," ती म्हणाली, "खाली पाहून सांग बेटा. कशावर आहे माझा पाय?"

मित्रा गुडघ्यावर बसली, दारातून डोकं आत घातलं.  मग मराठीत म्हणाली, "ब्रेकवर आहे, आजी. ब्रेकवरच आहे."

नर्मदेनं मान हलवली. पाय मात्र तिनं काढला नाही.